जुनी काळी सायकल कोल्हापुरात रोज चालवायची तर

माझ्याकडे फिलिप्स आहे. २२ इंची फ्रेम, अठ्ठावीसची चाकं, रॉडचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर. शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्याखाली ती कित्येक वर्षं उभी होती. आता तिच्यावरून मी कामाला जातो, दळण आणतो, कपिलतीर्थ मार्केटातून भाजी आणतो. लोक थांबवून विचारतात, "रंग कुठनं करून घेतला?" रंग मी केलेलाच नाही. ब्रेक, चाकं, छर्रे (बेअरिंगमधल्या गोळ्या) आणि फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) एवढ्यावरच पैसे घातले, आणि जुनी सायकल वापरात आणू बघणाऱ्या प्रत्येकाला मी हाच क्रम सांगतो. चकाचक करून दिवाणखान्यात ठेवायची असेल, तर तो छंद वेगळा. रोज चालवायची असेल, तर आधी ती थांबली पाहिजे, मग चढली पाहिजे, मग ओझं वाहिलं पाहिजे. चकाकी सगळ्यात शेवटी.

घेताना काय बघायचं

आपल्याकडे जुन्या सायकली दोन प्रकारच्या सापडतात. इंग्लंडहून आलेल्या कमी. इथे बनलेल्या भरपूर: मद्रासच्या टीआय सायकल्सच्या हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए, आसनसोलच्या सेन-रॅले, सोनीपतची अॅटलस, लुधियानाची हिरो. टीआय १९४९ची, अॅटलस १९५१ची आणि हिरो १९५६ची. रोजच्या वापराला देशी सायकल घ्या, सुटे भाग सहज मिळतात. नॉटिंगहॅमची रॅले हाती लागली तर आनंदच आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तिच्या बीबीच्या (दोन पेडलांच्या मधल्या एक्सलच्या बेअरिंगच्या) कपाची आणि हँडलच्या रेसची (बेअरिंगच्या कड्याची) आटी, म्हणजे पेचाचे फेरे, इंचाला २६ असते, बाकी बहुतेक सायकलींची २४. दुकानातला साधा कप तिथे जबरदस्तीने बसवला की आटी गेली. त्या सायकलीचे मूळ कप खराब वाटले तरी फेकू नका.

पॉलिश बघू नका, दोरा घेऊन जा. हँडलखालच्या हेडच्या नळीला दोरा गुंडाळून त्याची दोन टोकं मागच्या चाकाच्या दोन्ही नटांपर्यंत ताणून धरा. सीटखालच्या नळीपासून दोरा दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवा. फरक चार-पाच मिलिमीटरच्या वर गेला तर फ्रेम वाकलेली आहे. मग बाजूला उभे राहून पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा काटा) बघा. समोरून धडक बसलेली असेल तर चिमटा मागे दबलेला असतो, आणि हेडजवळ खालच्या नळीच्या पोटाला रंगाला सुरकुती किंवा बारीक फुगवटा दिसतो. अशी सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका. गंजाचं म्हणाल, तर वरवरचा गंज मला चालतो. पेडलांच्या मधली बीबीची नळी मात्र खालून पेचकसाने ठोकून बघा. पाणी मुरतं ते तिथेच. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर सोडून द्या.

मापाची परीक्षा सोपी आहे. दांडी दोन पायांमध्ये घेऊन चपलेसह जमिनीवर सपाट उभे राहा. दांडीच्या वर दोन बोटं जागा उरली पाहिजे. २४ इंची फ्रेम दिसायला रुबाबदार असते, पण मध्यम उंचीच्या माणसाला गर्दीत पटकन पाय टेकता येत नाही. महाद्वार रोडला दर पन्नास पावलांवर पाय टेकायची वेळ येते.

विकणाऱ्याकडून फ्रेम नंबर घातलेली साध्या कागदावरची पावती घ्या. नंबर सीटखालच्या जोडावर किंवा बीबीच्या पोटाला ठोकलेला असतो.

पहिलं काम: ओव्हरऑइलिंग

सायकल "चांगली चालतीय की" असं वाटलं तरी एकदा पूर्ण खोलायचीच. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं आणि छर्ऱ्यांना खड्डे पडलेले असतात. छर्रे स्वस्त असतात, सगळे नवे घाला. बीबीला १/४ इंची, एका बाजूला ११. मागच्या हबला १/४ इंची, एका बाजूला ९. पुढच्या हबला ३/१६ इंची, एका बाजूला १०. कपात अजून एक छर्रा जेमतेम मावेल एवढी जागा मोकळी राहिली की संख्या बरोबर. कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारा नट) आवळताना चाक खेळायला नको आणि अडकायलाही नको. चाक उचलून सोडा, व्हॉल्व्हच्या वजनाने ते हळूच झोका घेत थांबलं पाहिजे.

खोलताना दोन ठिकाणी लोक फसतात. डाव्या पेडलची आटी उलटी असते आणि चेनव्हीलच्या (पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राच्या) बाजूच्या बीबी कपाचीही उलटी असते. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलात तर ती सुटणार नाहीत, उलट घट्ट होतील.

आता कॉटर पिन. क्रँक (पेडलचा दांडा) एक्सलला धरून ठेवणारी ही छोटी तिरकी पिन जुन्या सायकलीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. पेडल मारताना प्रत्येक फेरीला एकदा "टक" असा आवाज येतो तो बहुधा तिचाच. काढताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा टेकवा, म्हणजे घाव छर्ऱ्यांवर न जाता जमिनीत जाईल. नट पिनेच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत सैल करा आणि एकच नेमका, जोरदार घाव घाला. हळूहळू ठोकत बसलात तर पिन वाकते आणि मग ती ड्रिलनेच काढावी लागते. नव्या पिना घालताना दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर दोन पेडलं सरळ रेषेत येत नाहीत. पिन हातोडीने बसवायची, नट फक्त तिला राखायला असतो. पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा ठोकून नट आवळा. हे दुसऱ्यांदा आवळणं कुणी करत नाही, आणि म्हणूनच पिना सैल होतात.

पिना मिळाल्या नाहीत, रॉडचा एखादा तुकडा तुटला किंवा आटी गेली, तर हे गाव कोल्हापूर आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथवर बसलेला माणूस नमुना हातात घेऊन तसाच भाग कातून देतो. जुना भाग कितीही मोडका असला तरी बरोबर न्या. मोबाइलवरच्या फोटोवरून माप निघत नाही.

ब्रेक: इथे घाई नको

पहिल्या पावसाळ्यात मी पंचगंगा घाटाकडे उतरत होतो. रिम ओले होते. ब्रेक दाबला, आणि सायकल थांबायचं नाव घेईना. शेवटी पाय घासत थांबलो. चूक सायकलीची नव्हती. चाकं नीट न करता मी फक्त ब्रेकचं रबर बदललं होतं.

रॉड ब्रेकचं रबर रिमच्या कडेला लागत नाही, आतल्या अंगाला लागतं, हबच्या दिशेच्या बाजूला. म्हणून चाकाचा फक्त डावी-उजवीकडचा आऊट (वाकडेपणा) काढून भागत नाही. चाक वर-खालीही गोल हवं. वायर ब्रेकची सवय असलेले मिस्त्री हा दुसरा आऊट काढायचं सोडून देतात. त्यांना स्पष्ट सांगा आणि समोर उभे राहून करून घ्या. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात. एक-एक तार बोटाने वाजवून बघा, सैल तारेचा आवाज लगेच वेगळा येतो.

चाक गोल झालं की रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर ठेवा, दोन्ही बाजूंना सारखं. ते एका अंगाला ओढत असेल तर रबर धरणारी कमान वाकलेली असते, ती हाताने सरळ होते. रॉडच्या प्रत्येक सांध्यावर महिन्यातून तेलाचा एकच थेंब टाका. हबमधलं तेल तारांवरून रिमपर्यंत आलं तर ब्रेक गेला, त्यामुळे तेल सढळ हाताने ओतू नका. रिम साबणाच्या पाण्याने धुवा, रॉकेलने पुसू नका. आणि दुरुस्तीसाठी ही सायकल उलटी करून हँडलवर उभी करू नका, रॉड वाकतात. तिला डबल स्टँड दिलाय तो त्यासाठीच.

चेन ताणायला मागचं चाक सरकवलं की मागचा ब्रेक पुन्हा लावावा लागतो, कारण रबर रिमसमोरून हललेलं असतं. प्रत्येक वेळी न चुकता बघा.

पावसात लोखंडी, क्रोम केलेले रिम जवळजवळ साबणासारखे होतात. थांबायचं त्या जागेच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवून ठेवा, चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते. उतारावर वेग वाढूच द्यायचा नाही. पावसाळ्यात मी घाटाकडचा उतार कोरड्या दिवसाच्या निम्म्या वेगानेच उतरतो.

चढासाठी फ्रीव्हील बदला

जुन्या सायकलीला बहुधा पुढे ४४ किंवा ४८ दात आणि मागे १८ असतात. सपाट रस्त्याला हे झकास. पण कोल्हापूर सगळं सपाट नाही. घाटावरून गावात येताना, विद्यापीठाकडे जाताना, टेंबलाईच्या टेकडीला जाताना मांड्या भरून येतात. इथे हिशोब करा. २८ × १½ चं चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. ४४ ला १८ असेल तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. १८ चं फ्रीव्हील काढून २२ चं घातलं की तेच अंतर साडेचार मीटरवर येतं. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तरी तासाला सोळा किलोमीटरचा वेग मिळतो, आणि शहरातल्या गर्दीत त्याहून जास्त वेग कुठे लागतो? चेनमध्ये एखादी कडी वाढवावी लागेल. माझ्या सगळ्या खर्चात सर्वाधिक सुख या एका बदलाने दिलं. पन्नाशीच्या पुढच्यांनी तर आधी हेच करावं, गुडघे वाचतात.

इंग्लंडच्या सायकलीच्या मागच्या हबवर स्टर्मी-आर्चरचं नाव आणि एडब्ल्यू ही अक्षरं दिसली तर ते तीन गिअरचं हब आहे. ते काढून साधं हब घालण्याची चूक करू नका. खालचा गिअर मधल्यापेक्षा पाव हिश्श्याने हलका असतो, आणि त्याला लागतं काय तर हबवरच्या टोपीतून अधूनमधून थोडं पातळ तेल. हबवर कोरलेले दोन आकडे बहुतेक वेळा ते बनल्याचं साल सांगतात.

चढावर सीटवरून उठून पेडल मारू नका. या सायकलीची सीट बरीच मागे असते आणि वजन २० किलोच्या आसपास. मागे रेलून, हँडल स्वतःकडे ओढत, बसल्या बसल्याच लय धरायची. दम लागला तर उतरून ढकला. चांगल्या तयारीची माणसंही ढकलतात.

टायर, हवा, सीट, दिवा

टायर मागताना "अठ्ठावीस-दीड" असंच मागा. नव्या सायकलींच्या ७०० सी टायरलाही काही जण अठ्ठावीस म्हणतात, पण त्याच्या रिमचं माप ६२२ मिलिमीटर आणि आपलं ६३५. तो आपल्या रिमवर चढणारच नाही. हवा साधारण ४५ ते ५० पौंड, मागे थोडी जास्त. जुन्या व्हॉल्व्हला मीटर लागत नाही, तेव्हा अंगठा दाबून बघा. मागचं टायर अंगठ्याला जेमतेम दबलं पाहिजे. व्हॉल्व्हवरची रबरी नळी उन्हाने विरते आणि पंक्चर नसतानाही हवा जाते. ट्यूब काढण्याआधी ती नळी बदलून बघा. वीतभर नळी खिशात राहू द्या.

सीट चामड्याची असेल तर ती पावसात भिजू देऊ नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, ओली असताना तिच्यावर बसलात तर मधे खोलगट होते. उंची अशी लावा की टाच पेडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हावा.

डायनॅमो सुरू असेल तर तो ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो. तो टायरच्या कडेला घासतो, म्हणून ओल्या टायरवर घसरतो आणि सायकल थांबली की दिवा विझतो. सिग्नलला उभं असताना मागून येणाऱ्याला तुम्ही दिसला पाहिजे, म्हणून मागे बॅटरीवरचा लाल दिवा स्वतंत्र लावा. मागच्या मडगार्डच्या टोकाला जुन्या सायकलींना पांढरा पट्टा असतो. तो पुसट झाला असेल तर एवढा एक रंग आवर्जून द्या.

रस्ते

या शहरात सायकलीचा खरा उपयोग पेठांच्या आतल्या अंतरांना आहे. मंगळवार पेठ ते लक्ष्मीपुरी, रंकाळा ते भवानी मंडप, शाहूपुरी ते दसरा चौक ही सगळी अंतरं सायकलीला पाच-पंधरा मिनिटांची. मोटारसायकल लावायला जागा शोधण्यात तेवढा वेळ जातो. मुख्य रस्ता सोडून समांतर गल्ली धरायची हा माझा पहिला नियम. संध्याकाळी महाद्वार रोडवर सायकल हातात धरून चाला, नवरात्रात तर अंबाबाईच्या देवळाच्या आसपास चारही बाजूंना ती आणूच नका. लांब लावून चालत जा. बिंदू चौक, मिरजकर तिकटी अशा ठिकाणी उजवीकडे वळायचं असेल तर आधीच लेन बदलून मधे अडकू नका. सरळ पलीकडे जाऊन थांबा आणि तिथून दिशा बदला. शिरोलीकडे हायवेच्या अंगाने जाणं ट्रकांमुळे धोक्याचं आहे. एमआयडीसीला कामाला जाणाऱ्यांनी पहाटेची वेळ आणि सेवा रस्ता धरावा.

घंटी मोठी, दोन वाट्यांची ठेवा. तिचा आवाज लोकांना ओळखीचा आहे. हॉर्नला न हलणारा माणूस तिच्या आवाजाने बाजूला होतो. दूधवाल्याची असेल असं वाटतं कदाचित.

ओझं

कॅरिअर लोखंडी आणि चार पायांचा घ्या. दळणाचा डबा मागे बांधायचा तर आडव्या दोरीने नाही, दोन रबरी पट्ट्या फुलीसारख्या घाला. डब्याचं झाकण वेगळ्या दोरीने बांधा. मार्केट यार्डातून १० किलोचा गुळाचा रवा (ढेप) आणायचा असेल तर तो मधोमध आणि सीटला टेकून बसवा. वजन एक वीत मागे गेलं तरी पुढचं चाक हलकं होतं आणि चढाला हँडल डोलायला लागतं. हँडलला पिशव्या अडकवायची सवय मोडा. पिशवी तारांत जाते, शिवाय रॉड ब्रेकच्या रॉडवर दाब येतो. पुढे जाळीची टोपली बसवली तर तिचे पाय चिमट्याच्या एक्सलवर येऊ द्या. २५ किलोच्या वरचं ओझं मी स्वतः वाहत नाही, ब्रेकला ते झेपत नाही.

सायकल लावताना मागच्या चाकाचं गोल कुलूप पुरत नाही. साखळी फ्रेममधून घेऊन खांबाला लावा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हीच या सायकलीची परीक्षा. परीख पुलाखाली पाणी साठलं असेल तर मागे फिरा. पंचगंगेला पूर आला की राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीची बातमी सगळं गाव ऐकतं, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. त्या दिवसांत नदीकाठच्या रस्त्यांवरून आणि जयंती नाल्याच्या आसपासच्या सखल गल्ल्यांतून सायकल नेऊच नका. २००५, २०१९, २०२१ या तीनही पुरांनी पाणी कुठवर येतं ते दाखवून दिलंय. आत पाणी गेलं, बीबी बुडालं, तर त्याच आठवड्यात खोलून पुन्हा ग्रीस करा. वाट बघितलीत तर छर्रे गंजतात आणि कपही जातो. रोजच्या पावसाला मात्र पूर्ण मडगार्ड आणि चेनकव्हर यांच्याइतकं चांगलं काही नाही. पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबराचा पडदा लावा, बुटावर चिखल उडत नाही.

पावसातून आल्यावर दोन मिनिटं द्या. रिम फडक्याने पुसा, मागच्या चाकाजवळच्या चेनवर दोन थेंब तेल टाका, सायकल छताखाली डबल स्टँडवर लावा.

महिन्याचा दिवस

महिन्यातून एकदा, मी रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजाराला निघायच्या आधी, अर्धा तास घालवतो. चेनच्या मधे बोट दाबून बघतो. अर्धा इंच वर-खाली हलली पाहिजे. चेनव्हील फिरवून सगळ्यात घट्ट जागेवर बघायचं, नाहीतर ती एका जागी ताणलेली राहते. मग फूटपट्टी लावतो. चेनचे २४ सांधे नेमके १२ इंचांत बसले पाहिजेत. एक अष्टमांश इंच वाढलं की चेन बदलायची, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दातही खाते. कॉटर पिनांचे नट, मडगार्डच्या पट्ट्या, कॅरिअरचे चारही पाय आवळतो. ब्रेकचं रबर एका बाजूने झिजलं असेल तर कमान पुन्हा बघतो.

आणि घरात एक बिस्किटाचा डबा ठेवला आहे. त्यात कॉटर पिनांच्या दोन जोड्या, ब्रेकच्या रबरांचा एक संच, १/४ आणि ३/१६ चे छर्रे, चेनची जोडकडी, व्हॉल्व्हची नळी, डायनॅमोचा बल्ब आणि तुटलेल्या रॉडचा एक तुकडा. तो तुकडा उद्यमनगरात नमुना दाखवायला आहे.